ओल कुठून येते: वाईतल्या एका वाड्याच्या प्रकल्प नोंदी

३ ऑक्टोबर २०२३

पाऊस ओसरला आणि आज वाड्याची पहिली पूर्ण पाहणी झाली. दोन चौकी वाडा, नदीच्या घाटापासून चालत पाच मिनिटांवर. पुढचा चौक दुमजली, मागचा एकमजली, मधे माजघराची पट्टी. काळ्या दगडाचं घडीव जोतं, त्यावर पातळ विटांच्या, मातीत रचलेल्या भिंती, आणि सगळा भार सागवानी खांब-तुळयांवर. मालक तिघे भाऊ, तिघेही बाहेरगावी. त्यांच्या आत्या मागच्या चौकात एकट्या राहतात. वय ७८, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त.

दिंडी दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस आहे. तिच्याआधी एका अभियंत्याने दिलेला दोन पानी अहवाल भावांनी मला पाठवला होता: इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडून नवीन बांधावी. मी तो तीनदा वाचला. त्यात एकाही खांबाचा क्रमांक नाही, एकही माप नाही, ओल कुठून येते याबद्दल एक ओळ नाही. दोनशे वर्षांच्या आसपासचं घर पाडा म्हणायचं तर निदान त्याचे खांब तरी मोजावेत.

भावांची इच्छा अशी आहे की पुढचा चौक गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका आणि वाचनालय म्हणून द्यावा. स्पर्धा परीक्षांची मुलं आता देवळाच्या ओवऱ्यांत आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसून वाचतात. आत्यांनी मागचा चौक सोडायचा नाही, हे सगळ्यांनी आधीच मान्य केलं आहे.

५ ऑक्टोबर

सुतारकाकांना घेऊन दिवसभर खांब ठोकले. पद्धत जुनीच: लाकडी हातोडीने ठोकायचं, आवाज ऐकायचा, शंका आली तिथे टोच्या घालायचा. निरोगी सागाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेला खांब भद्द वाजतो. सोबत ओल मोजायचं यंत्र. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की कुजवणारी बुरशी धरते, म्हणून तो आकडा आमची लक्ष्मणरेषा.

पुढच्या चौकात एकूण २८ खांब. १९ ठणठणीत, ओलावा १२ ते १४ टक्के. ९ खांबांचे पाय गेलेले, ओलावा २८ ते ३१.

हे नऊ खांब नकाशावर लाल पेन्सिलीने मांडले आणि लगेच डोळ्यांत भरलं. नऊच्या नऊ खांब सोप्याच्या आणि डाव्या पडवीच्या बाजूला. तिथे साधारण चाळीस वर्षांपूर्वी सिमेंटचा कोबा केलेला आहे. कोबा घालताना जमीन चार बोटं उचलली गेली आणि दगडी तळखडे त्याखाली गाडले गेले. खांबाचा पाय जमिनीच्या वर, दगडावर, वाऱ्यात ठेवायचा, यासाठीच तर तळखडा असतो. कोब्यानं तो पाय जमिनीत नेऊन पुरला. फरशी पुसल्याचं पाणी, पावसात आत येणारे शिंतोडे, खालून चढणारी ओल, सगळं त्या चार बोटांत साठत राहिलं.

उजव्या पडवीत कोबा नाही, शेणाने सारवलेली जमीन आहे. तिथला एकही खांब कुजलेला नाही. सुतारकाका म्हणाले, "ताई, ह्यो खांब आजून लई वर्सं जातोय. त्याला फकस्त श्वास घेऊ द्या."

९ ऑक्टोबर

भिंती. बाहेरून आणि आतून कमरेच्या वरपर्यंत सिमेंटचा गिलावा. त्याच्यावर तेलरंग. रंगाचे पोपडे सुटलेत, आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला, साडेतीन-चार फुटांवर, पांढऱ्या क्षारांची रेघ चारी बाजूंनी फिरलेली आहे.

याचं कारण भावांना सांगायचं आहे म्हणून इथे नीट लिहून ठेवते. मातीत रचलेली भिंत जमिनीतलं थोडं पाणी कायमच ओढते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा असेल तर ते पाणी वाटेतच बाहेर पडतं आणि वाऱ्यानं सुकतं. वर सिमेंट थापलं की ती वाट बंद होते. मग पाणी भिंतीतूनच वर चढत जातं, गिलावा जिथे संपतो तिथे बाहेर पडतं, आणि सोबत आणलेले क्षार तिथे टाकतं. ओल आली म्हणून सिमेंट लावलं, सिमेंटमुळे ओल वर चढली, म्हणून आणखी वरपर्यंत सिमेंट लावलं. या भिंतीवर असे तीन थर सापडले.

आत्या म्हणाल्या, "अगं, माझ्या लहानपणी दर दिवाळीला चुन्याची सफेदी व्हायची. ओल तेव्हाही असायची, पण दसऱ्यापर्यंत वाळायची."

१६ ऑक्टोबर

भावांसाठी हिशेब केला. भावनेवर कोणाचं मन वळवायचं नाही, असं ठरवलं होतं.

पुढच्या चौकाच्या भिंती साधारण १६० घनमीटर. म्हणजे जवळपास २९० टन माती, वीट आणि दगड. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत चार टन धरले तरी सत्तरेक ट्रॉल्या राडारोडा. तो कुठे जाणार, हे गावात कोणालाही विचारा. ओढ्याच्या आणि नदीच्या कडेला जाणार. आणि त्या जागी जे उभं राहील ते सिमेंट, सळई, खडी आणि वाळूचं असेल.

जगात जेवढा कार्बन वायू माणूस हवेत सोडतो, त्यात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नसतोच, चुनखडीचा दगड फुटतानाच तो बाहेर पडतो. त्यामुळे भट्टी कितीही स्वच्छ इंधनावर चालवली तरी तो भाग सुटत नाही.

उलट बाजूला लाकूड. पुढच्या चौकात खांब, तुळया आणि कड्या (तुळयांवरची मजला पेलणारी आडवी लाकडं) मिळून अंदाजे १८ घनमीटर साग आहे. वजन पावणेबारा टनांच्या घरात. सुक्या लाकडाचं साधारण अर्धं वजन कार्बनचं असतं. म्हणजे हवेतून ओढून घेतलेला सुमारे २१ टन कार्बन वायू या घरात दोनशे वर्षं बंद आहे. ते लाकूड सरपणाला गेलं की तेवढा परत हवेत.

२२ ऑक्टोबर

पुण्यात भावांबरोबर बैठक. मधल्या भावाची शंका रास्त होती: घर राहण्यासाठी बांधलेलं, तिथे वाचनालय चालेल का? मी विश्रामबागवाड्याचं उदाहरण दिलं. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधलेला तो वाडा, १८२१ साली तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे नगरपालिकेची कचेरीही तिथेच आली. पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत २००४ पासून चित्रपट महोत्सवाचा कारभार चालतो. वापर बदलणं हे या इमारतींच्या आयुष्यातलं नेहमीचं आहे. खरा प्रश्न असतो तो नव्या वापराचं वजन घर पेलतं का, एवढाच.

धाकट्याने विचारलं, आत्या तिथे असताना काम कसं करणार? फ्रान्समधल्या बोर्दो शहरात लाकातों आणि व्हासाल या वास्तुविशारद जोडीने ५३० घरांच्या जुन्या इमारती माणसं आत राहत असतानाच दुरुस्त केल्या आणि वाढवल्या. वास्तुकलेचं २०२१ चं प्रिट्झकर पारितोषिक त्यांना मिळालं, त्यामागे हीच भूमिका होती की पाडायचं नाही. तिथे ५३० कुटुंबं होती, आपल्याकडे एक आत्या आहेत. मधल्या दाराशी धुळीचा पडदा, त्यांच्यासाठी मागच्या बोळातून वेगळी वाट, आणि दुपारी एक ते तीन ठोकाठोक बंद.

होकार मिळाला. दुरुस्तीचा सविस्तर आराखडा आणि मापं जोडून नोटिशीला उत्तर उद्या पाठवते.

४ नोव्हेंबर

आत्यांनी आज कोयनेच्या भूकंपाचं सांगितलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या. "भांडी फडताळातून खाली आली. सोप्यातले खांब डुलताना मी डोळ्यांनी पाहिले. मागच्या बोळातली दगडमातीची नुसती भिंत पडली, वाडा उभा राहिला."

हे मी ऐकून सोडणार नाही. भार भिंतींवर नसून लाकडी सांगाड्यावर आहे आणि सांगाड्याचे सांधे थोडे हलू शकतात, म्हणून हे घर डुललं आणि सावरलं. पण तेव्हा खांबांचे पाय शाबूत होते, आज नऊ नाहीत. दुरुस्तीत चारही कोपऱ्यांना तुळया एकमेकींना लोखंडी पट्ट्यांनी बांधायच्या, हे आराखड्यात घातलं.

२० नोव्हेंबर

दिवाळीनंतर कामाला सुरुवात. आज चुना विरवला.

मागच्या अंगणात सहा फूट बाय चार फूट, तीन फूट खोल हौद केला. कळीचा चुना ढेकळांच्या रूपात आला, पाण्यापासून जपून ठेवला होता. हौदात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी ढेकळं. उलटं करायचं नाही. पहिलं घमेलं पडलं, दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग ढेकूळ तडकल्याचा आवाज, त्यातून वाफेची रेघ, आणि बघता बघता सगळा हौद रटरटायला लागला. हात चार फुटांवर धरला तरी धग लागत होती. सगळ्यांना चष्मे आणि हातमोजे सक्तीचे. गवंडीमामा लांब दांड्याच्या फावड्याने ढवळत होते, त्यांचे वडील हेच काम चुना मळायच्या घाणीवर करायचे म्हणाले. तासाभराने उकळी बसली. वर दोन बोटं पाणी ठेवून तरट झाकलं.

चुन्याची भट्टी साधारण ९०० अंशांवर चालते, सिमेंटची १४५० च्या आसपास. शिवाय चुना भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन वायू परत शोषून घट्ट होतो, जळताना सोडलेल्याचा बराच भाग माघारी घेतो.

२ डिसेंबर

कोबा फोडून झाला. चार बोटं खाली मूळची जमीन सापडली, सारवणाचे पापुद्रे एकावर एक. नऊ तळखडे मोकळे झाले. एका तळखड्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या आहेत. आत्यांना बोलावून दाखवल्या. त्यांना आठवतच नव्हतं. पाकळीवरून बोट फिरवत बराच वेळ बसून होत्या.

निघालेला कोबा आणि सिमेंटचा गिलावा वेगळा साठवला आहे. मागच्या गोठ्याच्या जागी स्वच्छतागृहाची नवी खोली होणार, तिच्या भरावात तो जाईल. स्वच्छतागृह जुन्या भिंतींना लागून घ्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून धरून बसले आहे. नळ आज ना उद्या गळणारच. ते पाणी वाड्याच्या भिंतीत जायला नको.

पुढच्या दर्शनी भिंतीला आज चुन्याचा पहिला हात दिला.

१९ डिसेंबर

चूक झाली आणि ती माझी आहे.

दर्शनी भिंतीच्या गिलाव्यावर शेंगदाण्याएवढे फोड आलेत. प्रत्येक फोडाच्या तळाशी पांढरा ठिपका. चुन्यातले न विरलेले कण भिंतीवर गेल्यावर हळूहळू विरतात, फुगतात आणि वरचा थर उडवतात. चुना विरवून जेमतेम बारा दिवस झाले होते. गवंडीमामांनी तेव्हाच म्हटलं होतं, "एवढ्यात नको, मुरू द्या." दिवाळीनंतर उशीर झाल्याची घाई मला होती. मी हो म्हणायला लावलं.

सगळा गिलावा उतरवला. एका मजुराच्या बारा दिवसांएवढं काम वाया गेलं. तो खर्च भावांच्या खात्यात टाकणार नाही, हे त्यांना कळवलं. मामांची माफी मागितली. हौदाला फेब्रुवारीपर्यंत हात लावायचा नाही, आणि काढताना बारीक चाळणीतून गाळूनच घ्यायचा. तोवर सुतारकाम.

८ जानेवारी २०२४

पहिला खांब. क्रमांक ७, कमळाच्या तळखड्याचा.

आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी टेकूचे धिरे लावले, त्यांच्याखाली जॅक. जॅक एकदम फिरवायचा नाही, पाव फेरा, थांबायचं, वरच्या कड्यांचा आवाज ऐकायचा. तुळई तीन मिलिमीटर उचलली आणि खांबाच्या डोक्यावर कागद सरकला. खांब भारातून सुटला.

सुतारकाकांनी करवतीने वीत वीत वर जात तीनदा कापून पाहिलं. पहिल्या कापात काळं, ओलं, बोटांनी कुस्करेल असं. दुसऱ्यात तपकिरी. तिसऱ्यात सोनेरी लाकूड, आणि करवतीबरोबर सागाचा वास आला. दोनशे वर्षांनी तेल तसंच आहे त्यात. काका म्हणाले, "बस, हितं थांबायचं." जमिनीपासून दोन फूट. वरचा आठ फूट खांब जसाच्या तसा राहिला.

नवा पाय नव्या लाकडाचा नाही. मागचा गोठा उतरवताना निघालेल्या तुळयांतून घेतला, त्याच घराचा, त्याच वयाचा साग. तिरका लांब सांधा, त्यात लाकडी खुंट्या, आणि आडव्या जोरासाठी दोन स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. नव्या पायाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं, वाळवी आणि बुरशी दोन्हींसाठी. दगड आणि लाकूड यांच्यामधे शिशाचा पातळ पत्रा.

संध्याकाळी जॅक उतरवला. तुळई मूळ जागी बसली. सांध्यात पोस्टकार्डही शिरत नाही.

१५ जानेवारी

संक्रांत. काम बंद. आत्यांनी सगळ्यांना बोलावून तिळगूळ दिला.

१ फेब्रुवारी

नऊही खांब झाले. पाच तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं कुजली होती, तीही सांधली. टोकाभोवती भिंतीत बोटभर पोकळी ठेवली, वारा लागायला.

१४ फेब्रुवारी

घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे, अर्धे मजूर दर्शनाला. उरलेल्यांना घेऊन चुना गाळला. जवळपास तीन महिने मुरलेला, लोण्यासारखा. थापीवरून घसरत नाही आणि चिकटूनही राहत नाही. मामांनी बोटावर घेऊन चोळून पाहिला आणि पहिल्यांदा हसले.

गिलाव्यात चुना, सुरखी (विटांची भुकटी), धुतलेली वाळू आणि तागाचे बारीक तुकडे. गुळाचं पाणी अगदी थोडं. जुन्या लोकांच्या हिरडा-बेलफळाच्या मिश्रणांबद्दल मला आदर आहे, पण प्रत्येक भिंतीला सगळंच लागत नाही. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, गिलाव्यावर आठवडाभर ओलं तरट, उन्हाची बाजू झाकलेली.

२ मार्च

आज वजनाची परीक्षा. सगळ्या कामात मला ज्या दिवसाची धास्ती होती तो हा.

नियम सोपा आहे. राहत्या घराच्या मजल्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, भार धरतं. पुस्तकांची कपाटं असलेल्या खोलीसाठी किमान ६. तिप्पट. वाडा माणसांसाठी बांधला, पुस्तकांसाठी नाही. म्हणून सगळी कपाटं तळमजल्यावर, थेट जमिनीवर. वरच्या मजल्यावर फक्त बसून वाचण्याची जागा. पुस्तकं वेगळी ठेवलेल्या वाचनकक्षाला ३ धरतात, चौरस मीटरला साधारण ३०० किलो. कोणी हौसेनं वर कपाट नेऊ नये म्हणून जिन्यात तशी पाटी लागेल.

पण कागदावर ३ पेलतो म्हणणं वेगळं. कड्यांवरच्या फळ्यांवर वीतभर मातीचा भराव होता, तो काढून हलका केला, तेवढं वजन उतरलं. मग मजल्याचा एक खण निवडला, नऊ चौरस मीटर. वाळूची ५० किलोची ५४ पोती. जिना अरुंद, त्यामुळे पोती एकेक करून वर न्यावी लागली. घाटावर अभ्यास करणारी सहा-सात मुलं आपणहून आली आणि हातोहात पोती चढवली. एकाने विचारलं, "मॅडम, आम्ही इथेच बसणार ना? मग आम्हालाच चढवू द्या."

कडीच्या मध्याखाली मापक लावला. हिशेबाने ४ मिलिमीटर वाक यायला हवा. वीस पोत्यांवर १. चाळीसवर २ आणि थोडं. ५४ वर ३. रात्रभर ठेवलं.

३ मार्च

सकाळी ३ च. पोती उतरवली, कडी परत वर आली, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मी खाली उतरून चौकात एकटी थोडी बसले.

दुपारी दुसरा खण, बोळावरचा. तिथे तिसाव्या पोत्यालाच कुरकुर झाली आणि मापक ९ वर गेला. ताबडतोब उतरवलं. छत उघडलं तर एक कडी मधेच कापलेली, कधीकाळी धुराडं किंवा जिना काढताना. तिला शेजारून नवी कडी जोडायची. परीक्षा घेतली नसती तर ही कडी मुलांच्या पायाखाली राहिली असती.

११ मार्च

बोळावरच्या खणाची फेरपरीक्षा. ५४ पोती, साडेतीन मिलिमीटर. पास.

२८ मार्च

छप्पर. मंगलोरी कौलं, सुमारे ३४००. कौलं उतरवताना काहींच्या पाठीवर बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा आणि १८६५ चा आकडा. मुलांना वाटलं, कौल तेव्हाचं आहे. तो कारखाना मंगळुरात सुरू झाल्याचा आकडा आहे. त्याआधी या वाड्यावर नळीची कौलं असणार. वळचणीच्या मातीत त्यांचे तुकडे मिळाले.

ठोकून, घासून, पाण्यात बुडवून तपासली. २६०० परत वापरण्याजोगी. ती पुढच्या उतारावर. मागच्या उतारासाठी पडलेल्या घरांची जुनी कौलं विकत घेतली. कौलांखाली छताची सपाट कौलं, मधे हवेची पोकळी, आढ्याला झरोके. वरचा मजला मे महिन्यात तापतो, ही आत्यांची जुनी तक्रार आहे.

२० एप्रिल

वीज: सगळ्या तारा भिंतीवरून लाकडी पट्टीत. भिंत कुठेही खोदली नाही. तळमजल्यावर चुन्याच्या काँक्रीटवर दगडी फरशी, तळखडे पूर्ण उघडे. बाहेर जोत्याभोवती फूटभर रुंद खडीचा चर, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडू नये म्हणून. चाकाच्या खुर्चीसाठी बोळाच्या बाजूने लाकडी उतार, कारण दिंडी दरवाजाचा उंबरा तासायचा नाही.

१४ मे

दुपारी तीनला तापमान. बाहेर सावलीत ३७. माजघरात २९. वरच्या मजल्यावर ३३, गेल्या आठवड्यात झरोके उघडण्याआधी ३६ होतं. पंखे लागतील, वातानुकूलनाची गरज नाही. त्याच्या जागेचा आणि पैशांचा विषय आज बंद झाला. ते पैसे पुस्तकांकडे वळवा, असं भावांना लिहिलं.

२७ मे

हिशेब टिपून ठेवते. अठरा घनमीटर लाकडापैकी बदललेलं एक घनमीटरही भरत नाही, आणि त्यातलं बहुतेक गोठ्यातलं. भिंतींपैकी नव्याने रचली ती फक्त डाव्या पडवीची जिन्याखालची. आवाराबाहेर राडारोड्याच्या फक्त चार ट्रॉल्या गेल्या. खर्चात मात्र मालापेक्षा मजुरी जास्त. सुतार, गवंडी, बिगारी, सगळे वाई आणि आसपासच्या गावांतले. दोन तरुण सुतार काकांच्या हाताखाली तिरका सांधा शिकले. पुढचं काम त्यांना एकट्याला देता येईल.

१० जून

पहिला मोठा पाऊस. दुपारी चारला आभाळ पाचगणीकडून भरून आलं आणि तासभर कोसळलं. मी छत्री विसरून वाड्यात पळाले.

मुलं आधीच येऊन बसली होती, वरच्या मजल्यावर बारा जण. अजून उद्घाटन झालेलं नाही, पण आत्यांनीच किल्ली दिली. त्या सोप्यात खुर्ची टाकून चौकात पडणारं पाणी बघत होत्या.

एका ठिकाणी गळलं. दोन उतार मिळतात तिथल्या पन्हळीच्या सांध्यातून, थेंब थेंब, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. खाली घमेलं ठेवलं.

बाकी सगळ्या खांबांचे पाय यंत्राने मोजले. क्रमांक ७: १४ टक्के. दर्शनी भिंत बाहेरून गुडघ्यापर्यंत भिजून गडद झाली आहे. ओली भिंत पाहून मधल्या भावाने फोटो मागवला, काळजीने.

१२ जून

दोन दिवस उघडीप. दर्शनी भिंत पुन्हा पांढरी. हात लावून पाहिला, कोरडी आहे. फोटो पाठवला.

पन्हळीचा सांधा उद्या सकाळी उघडायचा. सुतारकाका आठला येणार आहेत. आत्यांनी सांगितलंय, "त्याला म्हणावं चहा इथेच घे, आणि ती पायरीही बघून घे, कुरकुरतेय."